डाव्या खांद्याची वेगळी चूल

खांदामावशीचं हे नाव तिच्या स्वतःच्या खांद्यांवरून पडलेलं नव्हतं. तिचे दोन्ही खांदे धडधाकट होते आणि घरातली निम्मी भांडणं ती ते उडवूनच मिटवायची. नाव पडलं ते नणंदेच्या खांद्यामुळं.

नणंदेचा डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला चार बोटं खाली. जन्माचाच. पाठीचा कणा सरळ खाली यायचा सोडून मध्येच वळसा घेऊन गेलेला, ओढ्यानं मोठा धोंडा चुकवून जावं तसा. लहानपणी डॉक्टर झाले, चामड्याचे पट्टे झाले, तेल लावून झालं. कणा आपल्या मतावर ठाम राहिला. "आमच्या घरात ताठ कण्याची मी एकटीच. कुणापुढं सरळ झाले नाही," असं नणंद चारचौघांत सांगायची, आणि ऐकणाऱ्याला हसावं की नको ते कळायचं नाही.

मावशीचा नवरा गेल्यावर घरात या दोघीच उरल्या. खाली मावशीचं शिवणकामाचं दुकान, वर दोन खोल्या. दुकान मोठ्या इस्पितळाच्या मागच्या गल्लीत. डावीकडं औषधवाला, उजवीकडं चष्मेवाला, समोर कुबड्या आणि चाकाच्या खुर्च्या भाड्यानं देणारा. अशा गल्लीत सरळ अंगाचं गिऱ्हाईक वाट चुकूनच यायचं. एक हात कोपरापासून नसलेला, पोटावर पिशवी लावलेली, छातीचं ऑपरेशन झालेली, खुर्चीतून न उठणारा, म्हणजे तयार कपड्यांच्या दुकानातून ज्याला हात हलवत परत यावं लागतं, तो मावशीकडं यायचा. मावशी टेप लावायची, हूं हूं करायची. कुणाला कधी "अरेरे" म्हणाली नाही. म्हणायला वेळच नसायचा, तोंडात टाचण्या असायच्या.

मापं घेतली की ती संगणकापुढं बसायची. त्या संगणकात 'बेतणी' होती.

बेतणी हे कपडा बेतायचं सॉफ्टवेअर. मापं घाला, ते कागदावर कापायचे आकार काढून देतं. फुकट. नुसतं फुकट नाही, उघडंही. म्हणजे त्याच्या पोटात काय आहे ते कुणीही बघावं, उसवावं, नीट करावं, फक्त नीट केलेलं पुन्हा सगळ्यांसाठी उघडं ठेवावं. गावच्या विहिरीसारखं. पाणी कुणीही न्यावं, गाळ काढायला मात्र सगळ्यांनी उतरावं. ही विहीर खणली होती एका शिंप्याच्या इंजिनियर मुलानं. सगळे त्याला मूळपुरुष म्हणायचे. नाव ऐकून वाटावं दाढीबिढी असेल. प्रत्यक्षात तो चष्म्यातला काटकुळा माणूस होता आणि दर दुसऱ्या वाक्याला सॉरी म्हणायचा.

बेतणी आधी अर्धंच अंग बेतायची. उजवी बाजू काढायची आणि आरशात धरल्यासारखी तीच डावीकडं उलटवायची. मावशीनं एकदा बेतणीच्या चर्चेच्या पानावर विचारलं, "ज्यांच्या दोन बाजू एकमेकींशी भाऊबंदांसारख्या वागतात, त्यांनी काय करावं?"

मूळपुरुषानं लिहिलं, "सॉरी, हे सुचलंच नव्हतं. कसं करायचं ते तुम्हीच सांगा."

मावशीनं सांगितलं. सांगता सांगता शंका निघाल्या, शंकांवर भांडणं निघाली, आणि शेवटी तो म्हणाला, "सॉरी मावशी, आता तुम्हीच लिहा. मी शिकवतो." ती शिकली. तिला वाटलं होतं ही फार विद्वानांची कामं असतील. बघते तर निम्मं काम उसवण्याचं. उसवायला ती कधीच भीत नव्हती. दोन्ही खांदे वेगवेगळे बेतायची सोय बेतणीत आली ती अशी, आणि मावशीची खांदामावशी झाली.

तिथं सगळ्यांचीच नावं अशी पडलेली. जो जिथलं काम बघेल ते त्याचं नाव. गळे बघणारी गळेवाली. खिसे बघणारा खिसेवाला. बाही जिथं बसते तो मुंढा, तो बघणारा मुंढेवाला. कुणी कुणाला प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. गळेवालीचा गळा कसा आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण ती भांडायला लागली की तो मोठा असावा असं वाटायचं.

आणि त्यांचा एक नियम होता. अंगाचा नियम. बेतणीत ज्यानं बदल केला, त्यानं तो चांगला आहे हे ठरवायचं नाही. दुसऱ्या कुणीतरी तो बेत कागदावर काढायचा, कापड कापायचं, शिवायचं, जित्याजागत्या माणसाच्या अंगावर चढवायचं, पुढून, मागून, बाजूनं फोटो टाकायचा आणि खाली लिहायचं, 'बसलं' किंवा 'नाही बसलं'. बसलं असेल तरच बदल आत. या नियमाला इतिहास होता. मूळपुरुषानं पहिल्या दिवसांत एक बाही पडद्यावर बघूनच मंजूर केली होती. त्या बेतानं एका बँडपथकाचे गणवेश शिवले गेले आणि ऐन कार्यक्रमात बिगुलवाल्यांचे हात वर जाईनात. बिगुल पोटापाशी धरून त्यांनी माना खाली घातल्या आणि वाजवलं. लोकांना वाटलं शोकगीत आहे. उभे राहिले.

तेव्हापासून अंगाचा नियम. आणि सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं अंग म्हणजे नणंदेचं. तिची पाठ बेतणीवाल्यांना स्वतःच्या पाठीपेक्षा जास्त ओळखीची. फोटोत चेहरा मात्र नाही. "तोंड नको," तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "तोंडाचा मी ऑफिसात पगार घेते."

तर असं सगळं बरं चाललेलं असताना मूळपुरुषानं पानावर लिहिलं की बेतणी एका मोठ्या कंपनीनं घेतली आहे. कंपनी तयार कपड्यांची. लाखांनी शर्ट शिवणारी. "सॉरी," त्यानं लिहिलं, "मी दमलो होतो. काही बदलणार नाही. घर तुमचंच, फक्त पाटी बदलेल."

खिसेवाल्यानं लिहिलं, "खिसे मी शिवले, भरले मात्र तुझे."

गळेवालीनं अभिनंदन केलं आणि त्याखाली इतकं लांबलचक काही लिहिलं की अभिनंदन वर शोधावं लागलं. मुंढेवाला काहीच बोलला नाही. तो असाही एका कामाला लागला की बाहेर पडत नसे. मावशीनं लिहिलं, "दमला असशील. झोप काढ." तिला खरंच तसं वाटलं. दमलेल्या माणसानं गाय विकली तर शेजाऱ्यांनी दूध आटलं म्हणून त्याच्या दारात रडू नये.

महिन्याभरात कंपनीकडून एक खोकं आलं. जुन्या मंडळींना मानाची भेट. आत टी-शर्ट. छातीवर मोठ्या अक्षरात 'मी समुदाय आहे'.

नणंदेनं तो अंगावर धरून आरशात पाहिलं. "एकटीच?"

"सगळ्यांना पाठवलेत, वन्सं."

"मग 'आम्ही' लिहायचं. व्याकरण तरी विकत घ्यायचं." तिनं तो चढवला. डाव्या खांद्यावर कापडाचं डबकं साचलं. "आणि हे काय, पावसाळ्याची सोय?" काढून तिनं तो मशीन पुसायच्या कपड्यांवर टाकला.

याच सुमारास नणंदेला बढती मिळाली. ती पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारींच्या खिडकीवर बसायची. नळाला पाणी येत नाही, पाण्याला वास येतो, बिल जास्त आलं, असं सगळं गाव त्या खिडकीत तोंड घालून तिच्यावर ओरडायचं आणि ती शांतपणे "पुढं?" म्हणायची. खिडक्या चार होत्या. ती इतकी वर्षं शेवटच्याच खिडकीवर बसत आली, कारण तिथं डावीकडं भिंत होती. लोकांना दिसायचा चेहरा आणि उजवा हात. बाकीची ती भिंतीला. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं आणि मावशीनं कधी विचारलं नव्हतं. पण मावशी शिंपीण होती. कोण कुठली बाजू भिंतीला देतो हे तिला कळायचंच.

आता तिला पर्यवेक्षक केलं आणि पर्यवेक्षकासाठी दिवाणखान्यासारख्या त्या हॉलच्या मध्यभागी केबिन बांधायला घेतली. काचेची. चारी बाजूंनी.

"भिंत कुठल्याच बाजूला नाही?" मावशीनं विचारलं.

"नाही. पारदर्शक कारभार म्हणे." नणंद चहा फुंकत राहिली. मग म्हणाली, "वहिनी, एक कोट शीव. बरा. खांद्यावर गादी घालून फसवाफसवी नको, तसला घातला की मी चोरीचा माल लपवल्यासारखी दिसते. माझा खांदा आहे तिथं असू दे. कोट बसला पाहिजे."

मावशी हो म्हणाली, पण मनातून धास्तावली. खांदा तिला जमायचा. कोटाचा मुंढा नाही. खांदा खाली गेला की मुंढाही खाली जातो, बाही पिळवटते आणि हात उचलला की कोट अख्खा वर येतो. हातानं बेतलेला राखाडी कोट तिनं एकदा नणंदेला घातला होता. सात वेळा उभं करून, कच्चे टाके घालून, उसवून. शेवटी नणंद म्हणाली, "मी काय हँगर आहे?" आणि तो कोट अजून आतल्या कपाटात होता, बाही पिळलेली, जणू कुणीतरी हात धरून ओढून नेतंय. मावशीनं ते पानावर सांगितलं तेव्हापासून मुंढेवाला बेतणीत याच गोष्टीवर काम करत होता. उतरत्या खांद्याचा मुंढा. त्याचं काम झालंच होतं, आता फक्त कुणीतरी अंगावर घालून बघायचं राहिलं होतं. केबिनीच्या काचा अजून यायच्या होत्या. वेळ होता.

आणि तेवढ्यात बेतणी आपली आपण नवी झाली. सकाळी मावशीनं संगणक उघडला तर नवं रूप, नवे रंग, कोपऱ्यात कंपनीची खूण. तिनं नणंदेची मापं उघडली. उघडली आणि बघतच राहिली. मग जिन्याखालून हाक मारली, "वन्सं, जरा खाली या."

नणंद दात घासत खाली आली. पडद्यावर तिची पाठ होती. सरळ. दोन्ही खांदे एका रेषेत, तराजू धरल्यासारखे.



"चाळीस वर्षांत डॉक्टरांना जमलं नाही," नणंद ब्रश तोंडातून काढून म्हणाली. "देखणी आहे की गं मी."

नव्या बेतणीत पुन्हा अर्धंच अंग होतं आणि अर्धं आरशातलं. तशी ती भराभर चालायची. एका हाताचा पोस्टमन उघडला तर त्याला दुसरा हात फुटलेला. समोरच्या गल्लीतली कुबड असलेली बाई सरळ होऊन नणंदेच्या मापाची झालेली. कंपनीनं एका सकाळीत सगळं इस्पितळ बरं करून टाकलं होतं.

मावशीनं चर्चेच्या पानावर तक्रार लिहिली. तिथं आता माणसाच्या आधी एक यंत्र उत्तर द्यायचं. 'तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.' तिनं पुन्हा लिहिलं. मत पुन्हा मोलाचं निघालं. तिसऱ्यांदा लिहिल्यावर कंपनीनं समुदायासाठी नेमलेला एक माणूस व्हिडिओवर आला. तरुण, नीट भांग, मागं कुंडीतलं झाड. स्वभावानं चांगला होता, हे मावशीनं नंतरही कबूल केलं.

"मावशी, आम्ही ऐकतोय," तो म्हणाला.

"बरं. डावा खांदा परत द्या."

"मी तुमची भावना वरपर्यंत पोचवतो."

"भावना नको पोचवू बाबा. खांदा पोचव. भावना माझी मी बघते."

त्यानं खुर्ची पुढं ओढली. "खरं सांगू? वरच्या लोकांनी पाहिलं, दोन वेगळे खांदे वापरणारी माणसं फार थोडी आहेत. त्या सोयीमुळं सगळं हळू चालायचं. एका शर्टाला जेवढा वेळ जायचा तेवढ्यात आता दहा होतात."

"बरोबर आहे," मावशी म्हणाली. बरोबरच होतं. लाखांनी शर्ट शिवणाऱ्यानं एका पोस्टमनसाठी थांबावं कशाला? "आणि तो मुंढ्याचा बदल? अंगावर घालून बघायचा राहिलाय तो."

"ती पद्धत आता बंद केली आपण. आता पडद्यावरच तपासतात. अचूक असतं."

"बिगुल वाजवणारं कुणी आहे का तुमच्यात?"

"सॉरी?"

"काही नाही," मावशी म्हणाली. "तू चहा घे."

आता कंपनीनं विकत काय घेतलं होतं? नाव घेतलं होतं, पाटी घेतली होती, चर्चेचं पान घेतलं होतं आणि मूळपुरुषाला घेतलं होतं. त्याला सल्लागार नेमून एका मोठ्या टेबलामागं बसवला होता आणि सल्ला कुणी विचारत नव्हतं. पण जुनी बेतणी, जशी होती तशी, ती सगळ्यांचीच होती. ती कुणीही उचलावी, दुसरं नाव द्यावं आणि पुढं न्यावी, अशी तिच्या जन्माचीच अट होती. एकत्र कुटुंबात पटेनासं झालं की माणूस वेगळी चूल मांडतो, तसंच.

जुनी मंडळी एका संध्याकाळी फोनवर जमली. मूळपुरुष सोडून सगळे. वेगळी चूल मांडायची यावर दोन मिनिटांत एकमत झालं. मांडायची कुणी, यावर बैठक चालली.

"गळेवालीताई, तुम्हीच मांडा. तुमचा आवाज पोचतो," खिसेवाला म्हणाला.

"मी नाही बाई. म्हणतील हिला पुढारपण करायचंय. खांदामावशी, तुम्ही वडीलधाऱ्या."

"वडीलधारी म्हणून चुलीपुढं मलाच बसवता काय? मुंढेवाले, तुम्हाला सगळं पोट माहीत आहे बेतणीचं."

मुंढेवाला खाकरला. "माझं काय, मी आपला मुंढा बघतो. सगळ्यांनी म्हटलं तर..."

पण सगळ्यांनी म्हटलं नाही, कारण सगळे एकमेकांना तुम्हीच म्हणत होते. दारात दोन पाहुणे 'आधी आपण' करत उभे राहावेत आणि आतला स्वयंपाक गार व्हावा, तशी बैठक संपली. ठरलं एवढंच की ज्याला जमेल त्यानं करावं.

फोन ठेवल्यावर मावशीच्या मनात आलं, हे कुणी काही करणार नाहीत. सगळे तोंडपाटील. आपणच करावं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी बसून तिनं जुनी बेतणी उचलली, 'उसवण' असं नाव दिलं आणि पाटी लावली. मोठी हौस वाटली तिला. आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीची ती मालकीण होती. दुकानसुद्धा नवऱ्याच्या नावावर होतं.

दुपारी तिला कळलं की गळेवालीनंही त्याच विचारानं 'कंठी' नावाची चूल मांडली आहे. खिसेवाल्यानं 'चोरखिसा'. मुंढेवाल्यानं नावबिव न देता नुसतीच. बटणवाला, काजवाला, ज्यांनी बैठकीत तोंड उघडलं नव्हतं, त्यांनीही. जो तो समजला होता की दुसरा कुणी करणार नाही. काल प्रत्येकानं पुढं यायला नकार दिला होता आणि आज प्रत्येक जण एकेका राज्याचा राजा होता. एक ना धड, भाराभर चिंध्या.

बरं, आता मोडायचं तरी कुणी? प्रत्येकानं पाटी लावलेली. प्रत्येकजण आपल्या ओट्यावर बसून म्हणत होता, येतील, जेवायला इकडंच येतील. मावशीही बसली. तिच्याकडं खांदा होता, मुंढा नव्हता. मुंढेवाल्याकडं मुंढा होता, पण घालायला अंग नव्हतं. तो स्वतः ओळंब्यासारखा सरळ आणि एकटा राहणारा. आणि गंमत अशी की घर सोडताना सगळ्यांनी एक गोष्ट मात्र निष्ठेनं बरोबर नेली होती. अंगाचा नियम. प्रत्येकाच्या पाटीखाली तो ठळक अक्षरांत लिहिलेला: दुसऱ्यानं घातल्याशिवाय बदल आत नाही. एकट्या माणसाच्या घरात दुसरा कुठून आणायचा? प्रत्येकजण आपलं काम करून दारात ठेवत होता आणि ते तिथंच पडून राहत होतं. कंपनीला जे जमलं नसतं ते त्यांचं त्यांनीच केलं होतं. सगळं काम ठप्प.

केबिनीच्या काचा आल्या. बसवायला लागले.

"कोट?" नणंदेनं विचारलं.

"मुंढा अडलाय."

"कुणाकडं?"

"त्यांच्याकडं. ते घेऊन येतील तर मी लगेच घालून बघीन."

"आणि ते काय म्हणतात?"

"ते काय म्हणणार? बसलेत तिकडं. मी का जाऊ? माझी काय चूल नाही?"

नणंदेनं चष्मा काढला. पाणीपुरवठ्याच्या खिडकीवर एखादा फार ओरडला की ती असाच चष्मा काढायची. "वहिनी, चुलीवर काही आहे का?"

मावशी टेप गुंडाळायला लागली.

"नाही, म्हणजे पाटी छान आहे. मी पाहिली. आत कोण राहतं?"

"तुम्हाला नाही कळायचं त्यातलं."

"नाहीच कळायचं. मला एवढंच कळतं की परवा मला काचेत बसवणार आहेत आणि माझा कोट तुझ्या मानात अडकलाय. राखाडी काढून ठेव. तोच घालीन. लोक विचारतील कोण ओढतंय तुम्हाला, तर सांगीन, भावजय." आणि ती वर निघून गेली.

मावशीनं राखाडी कोट काढला. टेबलावर पसरला. पिळलेल्या बाहीकडं बघत बसली. ती बाही काही बोलत नव्हती, पण इतकी वर्षं शिवणकाम केल्यावर कापड न बोलता काय म्हणतं ते कळतं. मग ती उठली आणि मुंढेवाल्याच्या घरी गेली. म्हणजे संगणकावर. दार उघडंच होतं, त्या गावात सगळ्यांची दारं उघडीच. त्याचा मुंढा तसाच पडून होता, नीट घडी घातल्यासारखा. खाली जागा रिकामी, 'बसलं की नाही' लिहायची. तिला कसंसंच झालं. कुणीतरी ताट वाढून ठेवावं आणि कुणी फिरकू नये, तसं दिसत होतं ते.

तिनं बेत कागदावर काढला. आधी स्वस्त कापडावर कापला, मांजरपाटावर. शिवला. नणंदेला हाक मारली. नणंद पहिल्यांदा आली नाही. दुसऱ्या हाकेला आली, आणि येताना म्हणाली, "हँगर आलं."

कोट चढला. मावशी मागं सरकली. टाचण्यांनी भरलेल्या तिच्या तोंडातून हूं निघाला, आणि तो नेहमीचा हूं नव्हता. खांदा आहे तिथं होता, खाली, आणि कोट त्याच्याशी भांडत नव्हता. बाही सरळ लोंबत होती. मागून, पुढून, बाजूनं, कुठं पीळ नाही. नणंद आरशासमोर सरकली.

मग तिनं डावा हात उचलला, फाइल काढायला उचलतात तसा.

"ओढतंय," ती म्हणाली.

"कुठं?"

"काखेत. जरासं."

"जरासं म्हणजे चालेल?"

"चालेल. कुणाला दिसणार नाही."

मावशीनं हात लावून पाहिलं. खरंच, कुणाला दिसलं नसतं. काचा बसत आल्या होत्या. तिनं फोटो काढले, पुढून, मागून, बाजूनं, आणि हात वर केलेला एक. मुंढेवाल्याच्या पानावर टाकले. आणि खाली लिहिलं: 'नाही बसलं. हात उचलल्यावर डाव्या काखेत ओढतंय.'

ती चहा ठेवायला उठली तोवर उत्तर आलं. कितीतरी दिवसांत कुणाशी न बोललेला माणूस बोलतो तसं, एका दमात. "मावशी! कुठं? पुढून की मागून? हात किती वर? ताईंना म्हणावं अजून एकदा उचला. मला वाटलंच होतं. मला वाटलंच होतं तिथं ओढेल."

त्याच्याखाली थोड्या वेळानं गळेवाली उगवली. 'कंठी' सोडून ती इथं काय करत होती कोण जाणे. "मुंढ्याचा दोष नाही. मागचा गळा उचललाय बघा. म्हणून ओढतंय."

"गळा काही उचललेला नाही," मुंढेवाल्यानं लिहिलं.

"मला गळा शिकवू नका."

मग खिसेवाला आला. आतला खिसा डावीकडं असेल तर वजनानं फरक पडेल, असं त्याचं म्हणणं पडलं. त्याला सगळ्यांनी मिळून गप्प केलं. काजवाला आला, बटणवाला आला, आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मुंढेवाल्याच्या बिननावाच्या ओट्यावर अशी काही बाचाबाची झाली की मावशीच्या दुकानातली गिऱ्हाइकं बसून राहिली आणि पोस्टमन दोनदा म्हणाला, "माझी बाही कधी?" कंपनीच्या पानावर इतक्या महिन्यांत कुणी भांडलं नव्हतं. तिथं सगळ्यांची मतं मोलाची होती.

गळा उचलला होता. मुंढाही चुकला होता. दोघंही बरोबर निघाले, त्यामुळं दोघंही नाराज झाले. दुरुस्त बेत पुन्हा कापला, पुन्हा नणंद, पुन्हा हँगर. नणंदेनं हात वर केला, खाली केला, पुन्हा वर केला, पंख्याचं बटण लावून पाहिलं, बंद करून पाहिलं.

"काय?" मावशीनं विचारलं.

"काही नाही," नणंद म्हणाली. "काहीच नाही होत."

रात्र व्हायच्या आत मावशीनं निळ्या कापडाचा कोट कापायला घेतला. आणि कापायच्या आधी तिनं आपल्या 'उसवण'ची पाटी उतरवली. जराशी हळहळली. पाटी खरंच छान होती. तिच्या जागी तिनं लिहिलं, 'इथं कुणी राहत नाही. मुंढेवाल्याकडं जावं.' पुढच्या काही दिवसांत 'कंठी'वर तसंच लिहिलेलं दिसलं. 'चोरखिसा' अजून उघडा आहे, पण खिसेवाला तिथं फक्त झोपायला जातो असं म्हणतात. मूळपुरुषही एकदा मुंढेवाल्याच्या पानावर येऊन गेला. 'सॉरी' एवढंच लिहून गेला.  गळेवालीनं त्याला एक बारीकसं काम दिलं.

नणंद काचेत बसली त्या दिवशी मावशीचं शिवणात लक्ष नव्हतं. दोनदा बॉबिन उलटी बसवली. संध्याकाळी नणंद आली, चपला काढल्या, खुर्चीत बसली. निळा कोट अंगावर.

"काय झालं?"

"काय व्हायचंय? तिसऱ्या गल्लीला चार दिवस पाणी नाही. काचेपाशी येऊन ओरडत होते. काच असली की ओरडणं कमी ऐकू येतं, तेवढं बरं आहे."

"आणि कोट?"

"काय कोट? एकानं पाहिलं नाही." नणंद वैतागलेलीच होती. "चारी बाजूंनी बसलेय, उठतेय, फाइली काढतेय, आणि एक मेला खांद्याकडं बघेल तर शपथ. नळ, नळ, नळ. इतकी वर्षं मी उगीच त्या भिंतीची ओल सोसली."

मावशीनं हूं केलं. मग ती उठून संगणकाशी गेली, मुंढेवाल्याच्या पानावर दुरुस्त बेताच्या फोटोखाली रिकाम्या ठेवलेल्या जागेत लिहिलं: 'बसलं.'

मागं वळून बघते तर नणंद दुकानातच ताट घेऊन तशीच जेवायला बसलेली.

"वन्सं, कोट काढा. डाग पडेल."

"नाही काढणार."

"अहो, नवं कापड आहे!"

नणंदेनं हात लांब केला. डावा हात, चांगला वरच्या फळीपर्यंत, आणि मशीन पुसायच्या कपड्यांमधून कंपनीचा टी-शर्ट ओढला. कोटावरून डोक्यात घातला आणि खाली ओढून घेतला. तो सैलच होता, सहज बसला. 'मी समुदाय आहे' हे छातीवर घेऊन ती जेवायला लागली, आणि आमटीचे पहिले दोन थेंब त्या समुदायावर पडले.